अर्धं तुमचं, अर्धं माझं

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वांगी भाजणं, आणि त्यातली तीन मी जाळली.

भडगावला, आमच्या अंगणात, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर. मी वांगी फिरवत होतो. इंदू सालं काढत होती आणि कान-खांद्यामध्ये फोन दाबून देवपूरच्या विहीणबाईंशी बोलत होती. आमच्या वैशूची सासरची पहिली संक्रांत जवळ आली होती. अर्धा तास बोलणं! तुमच्याकडे नळ कधी येतो, इकडे थंडी किती पडली, तुमच्या अमळनेरच्या मावशींचा गुडघा कसा आहे. फोन ठेवून म्हणाली, "ठरलं. काळी साडी त्यांची, हलव्याचे दागिने आपले."

"हे कधी ठरलं? तू तर गुडघ्याचं बोलत होतीस!"

"तुम्ही वांगी बघा. जळाली."

आठव्या दिवशी ती गेली. साधा ताप होता म्हणे. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही, मला जमत नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात वैशूला सातवा लागला. आबांचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा फोन आला. (खरं तर हा फोन विहीणबाईंनी इंदूला करायचा. आता इंदू नाही, आणि विहीणबाईंना माझ्याशी असलं बोलायला अवघड वाटतं. म्हणून आबा.)

"नाना, रविवारी डोहाळजेवण. स्वयंपाकाचं कसं करू?"

"अर्धं तुमचं, अर्धं माझं."

"मंजूर!"

एक मिनिटसुद्धा लागलं नाही! मी छाती फुगवून माझ्या बहिणीला, अक्काला सांगितलं, "बघ! याच्यासाठी बाया अर्धा तास घालवतात."

अक्का म्हणाली, "कोणतं अर्धं?"

"अर्धं म्हणजे अर्धं!"

"अरे, पण त्यांनी काय करायचं न् तू काय न्यायचं? फोन करून विचार ना."

"विचारू? उद्या देवपूरभर होईल, म्हातारा पोरीच्या डोहाळजेवणात घासाघीस करतो म्हणून!"

वैशू मला एवढंच म्हणाली होती, "नाना, आई नाही. पण माहेर आलं असं दिसू द्या." मग मी माझ्या डोक्यानं ठरवलं, इंदूनं जे नेलं असतं तेच न्यायचं. भरीत. साठ बाया येणार होत्या. दोन पोती हिरवी वांगी आणली आणि पहाटे उठून एकट्यानं भाजली. अक्का म्हणाली, "अंधारात दिसतं का तुला?" मी म्हटलं, वांग्यात काय बघायचं असतं!

जीपमध्ये दोन मोठी पातेली आणि अक्का घालून देवपूरला पोचलो. गच्चीवर मांडव, फुलांचा झोका, झोक्यात हिरव्या साडीत वैशू. एक क्षण वाटलं, इंदूच बसली आहे. मी नजर वळवली आणि पातेली उतरवायला लागलो. आबांनी झाकण उचललं.

"नाना, हाई काय शे?"

"भरीत शे."

"बठ्ठं भरीतच? दोन्ही पातेल्यांत?"

"मग! काढा आता तुमच्या पुऱ्या!"

आबांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं दोन पातेली. माझ्या पातेल्यांपेक्षा मोठी. झाकण काढलं. भरीत!

"आम्ही म्हटलं, वहिनी नाहीत, नाना एकटे, कुठं वांगी भाजत बसतील? अवघड काम आपण उचलू. पुऱ्या, भात, गोड तेवढं ते आणतील."

"आबा, अर्धं ठरलं होतं!"

"मग हे अर्धंच आहे ना!"

"अहो, दोघांचं एकच अर्धं आहे!"

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "दोन बाप्ये फोनवर बोलले, आणि एक पुरी ठरवता आली नाही!"

वर बाया खोळंबलेल्या. आधी वाट्यांचा खेळ होता. एका वाटीत पेढा, एकीत बर्फी झाकून ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आता गोड तर कोणाच्याच अर्ध्यात नव्हतं! विहीणबाईंनी एका वाटीत त्यांचं भरीत झाकलं, दुसरीत माझं. वैशूनं एक झाकण उचललं.

"भरीत!"

"म्हणजे काय होणार गं?" कोणीतरी विचारलं.

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "खान्देशी होणार, अजून काय!"

गच्ची हसून हसून पडायची बाकी. वैशूनं हसता हसता बोट चाटलं आणि थांबली. "हे नानांचं आहे."

"कसं ओळखलंस?"

"करपलंय."

पुन्हा हशा. मला राग आला. मी म्हटलं, "तुझ्या आईचं भरीत कधी करपलं नाही, आणि त्याची वांगी तर मीच भाजायचो!"

वैशू हळूच म्हणाली, "नाना, तुमची जळालेली वांगी आई वेगळी काढायची. त्याचं भरीत फक्त तिच्या ताटात असायचं."

चाळीस वर्षं मी समजत होतो, मला वांगी भाजता येतात.

विहीणबाईंनी ती वाटी उचलायला हात पुढे केला. वैशूनं दिली नाही. मांडीवर ठेवली आणि पुसून खाल्ली, नुसती, पुरीशिवाय. बाकीच्यांचं गल्लीनं भागवलं. कोणी भाकरी आणली, कोणी सकाळच्या पोळ्या, कोणी पाव, एकीनं तर टोस्टचा पुडा. साठ बाया टोस्टला भरीत लावून खात होत्या आणि निघताना प्रत्येकीच्या हातात भरिताचा डबा होता. माहेर आलं होतं, एवढं सगळ्यांना कळलं. जरा जास्तच आलं होतं.

आता पुढे बाळंतपण माझ्याकडे. त्याचं कोणी काय करायचं ते ठरवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि आबांना नाही, सरळ विहीणबाईंना फोन लावला. इंदूसारखाच, कान-खांद्यामध्ये दाबून. त्या आधी बिचकल्या. मग मी नळाचं विचारलं, थंडीचं विचारलं. बोलत गेलो. त्याही बोलत गेल्या. चांगला अर्धा तास झाला! मान अवघडली, पण मी समाधानानं फोन ठेवला.

अक्कानं विचारलं, "काय ठरलं?"

मी म्हटलं, "मावशींचा गुडघा बरा आहे."