पंधरा दिवस पुढची चित्रं

१९८४ सालच्या दिवाळीनंतर मी मस्कतला निघालो तेव्हा शालन एसटीपर्यंत आली नाही. आईने तिला येऊच दिलं नाही. "तू हयसरच थांब गो. तीन म्हयने पुरे होयसर खळ्याच्या भायर पाय घालू नको," असं तिला बजावून आईने माझ्या हातावर दही ठेवलं. लग्नाला आठ महिने झाले होते. शालनला दिवस गेल्याचं कळून महिनाही झाला नव्हता, आणि कंपनीचं पत्र त्याच्या आधीच येऊन पडलं होतं. धामापूरच्या आमच्या घरापुढच्या खळ्यात ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. सगळ्यांसमोर बोलणार काय? मी म्हटलं, "येतो." ती म्हणाली, "सांबाळून जावा." एवढंच आमचं बोलणं.

बाबा रस्त्यापर्यंत आले. ते शाळामास्तर. कोरडं बोलायची सवय. एसटी वळणावर दिसली तेव्हा म्हणाले, "हयची काळजी करू नको. आमी आसव."

तुमच्यातले जे कुणी त्या काळात आखातात गेलात, त्यांना कॅम्पचं वर्णन करून सांगायला नको. पत्र्याची लांब खोली, सहा खाटा, खिडकीबाहेर सपाट पिवळी जमीन. मी बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर परक्या माणसांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचो. खोलीत पंजाबी, बंगाली, तेलगू बोलणारे होते. सगळी माणसं चांगली, पण 'माका' म्हटलेलं समजणारा त्यांत एकही नव्हता. कधीकधी मी आंघोळ करताना स्वतःशीच मालवणीत बोलायचो, आवाज ऐकू यावा म्हणून.

कॅम्पच्या दवाखान्यात जोसेफ नावाचा केरळचा नर्स होता. एकदा बोटाला पट्टी बांधून घेताना मी त्याला सांगितलं की बायको तीन महिन्यांची गरोदर आहे. त्याने कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. पोटातल्या बाळाची महिन्यामहिन्याची चित्रं होती त्यात. आपला अंगठा पुढे करून तो म्हणाला, "देखो, तुम्हारा बच्चा अभी इतना है."

अंगठ्याएवढं! त्याला हात होते, बोटं होती, कानाच्या जागी बारीक घडी होती. मी ते पुस्तक दोन दिवसांसाठी मागून घेतलं. ऑफिसातला ट्रेसिंग पेपर ठेवून, मोजून मापून, अगदी खऱ्या आकाराचं चित्र काढलं. खाली सवयीने लिहिलं, 'स्केल एकास एक'. आणि शालनला पाठवून दिलं.

तिचं उत्तर आलं: "चित्र पोचलं. ते पोटावर धरून बघितलं. पण नर्सबाई म्हणते, आता बाळ याच्यापेक्षा मोठं झालं." बरोबरच होतं. पत्राला तिथे पोचायला पंधरा दिवस लागायचे. तेव्हापासून मी पंधरा दिवस पुढचं चित्र काढू लागलो. माझं पाकीट पोस्टमन खळ्यात आणून देईल त्या दिवशी बाळ केवढं असेल, तेवढं. शालन लिहायची, चित्र आलं की आईसुद्धा चष्मा लावून बघते आणि म्हणते, "हो बापूस काय गवंडी गो?" पोस्टमनच्या वाटेवर मात्र बाबाच उभे असतात.

मी बाप होत होतो तो असा, पंधरवड्याला एक कागद. पाचव्या महिन्यात चित्र साध्या पाकिटात मावेना. सहाव्यात कागद दुमडावा लागला. घडी चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी बाळाला कागदावर जरा तिरकं झोपवायचो. शालन मालवणला डॉक्टरकडे जाऊन आली की सगळं कळवायची. ठोके चांगले आहेत. बाळ रात्री झोपू देत नाही. आईने भगवतीची ओटी भरली. हे सगळं माझ्यापर्यंत येईतो शिळं झालेलं असायचं, तरी मी ते ताजं म्हणून वाचायचो.

चैत्रात तिची पत्रं थांबली. बाबांची दोन आली. वळणदार अक्षरात, शुद्ध मराठीत: 'येथील मंडळी बरी आहेत. शालनची प्रकृती आता सुधारत आहे. तू मन लावून काम कर.' मला वाटलं, ताप वगैरे आला असेल. त्या दोन्ही पत्रांत बाळाबद्दल एक अक्षरही नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं नाही. बाबांना खोटं लिहिता येत नसे. त्यांनी फक्त जागा मोकळी सोडली होती. मी चित्रं पाठवत राहिलो.

मे महिन्यात आमच्या गावचा चंदू सुट्टीवरून परत आला. त्याने आमच्या घरून कॅसेट आणली होती. तो गावातून निघाला होता मार्चअखेरीला, पण मुंबईत कागदपत्रांसाठी महिनाभर अडकून पडला होता. शुक्रवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, मी खोलीतल्या टेपरेकॉर्डरवर ती लावली. आधी आईचा आवाज, टेपरेकॉर्डर लांब असल्यासारखा ओरडून: "जेवतंस मां रे वेळेर?" मग कावळे. मग शालन. "मी शालन बोलतंय. हयसर सगळी बरी आसत. तुमी..." आणि मध्येच, "अगो आये!" मग हसणं. "आयकलात? आता लाथ मारल्यान!"

मी टेप मागे घेऊन ते पाच-सहा वेळा ऐकलं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकवलं. जोसेफला बोलावून आणलं. भाषा कुणालाच कळली नाही, पण हसणं कळलं. पंजाबी सरदाराने सगळ्यांसाठी शिरा केला. सहा महिन्यांत त्या खोलीत मला पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

त्यानंतर सहाव्या दिवशी शालनचं पत्र आलं.

"आता चित्रं पाठवू नका. तुम्ही तिला मोठी करत चालला आहात, आणि ती नाही. मुलगी होती. चैत्रात एक दिवस हलायची थांबली. मालवणला नेलं, डॉक्टरांनी खूप वेळ नळी लावून ऐकलं. त्यांनाही काही ऐकू आलं नाही. कशामुळे झालं ते कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला एवढ्यात कळवायचं नाही असं बाबांनी ठरवलं होतं. पण पाकीट आलं की बाबा ते लपवतात आणि मला ते दिसतं. म्हणून मीच लिहिते."

मी ते पत्र ऑफिसातल्या टेबलाशी वाचलं. समोर एका बंगल्याचा नकाशा होता, शाई ओली होती. मी तो पूर्ण केला. दुसरं काय करायचं तेच सुचेना. संध्याकाळी जोसेफला सांगितलं, तेव्हा तो दवाखान्याचं दार लोटून माझ्याशेजारी बाकावर बसून राहिला. मी हिशेब करत होतो. शिरा खाल्ला त्या दिवशी ती जाऊन महिना होत आला होता.

सुट्टी मिळाली नाही. करार दोन वर्षांचा होता. आम्ही दोघं पत्रातून रडलो, पण तेही वेगवेगळ्या वेळी. माझं पत्र तिच्या हाती पडे तोवर ती जरा सावरलेली असे, ते वाचून पुन्हा रडत बसे. मी विचारलं होतं, तिचं नाव काय ठेवायचं म्हणत होतीस? त्याचं उत्तर तिने कधीच दिलं नाही.

दोन वर्षांनी घरी गेलो. बाबा खूप थकलेले दिसले. जेवण झाल्यावर त्यांनी आपली ट्रंक उघडली आणि न फोडलेली तीन पाकिटं माझ्या हातात दिली. म्हणाले, "माझा चुकला रे. माका वाटला, तू थंय एकटो. कसो सोसतलंस?" ते खळ्यात एकटे आणि मी तिथे एकटा. शालन तर त्या सगळ्यांमध्ये असून सर्वांत एकटी होती, कारण तिला घरात रडायचीही चोरी झाली होती. पोस्टमन आला की ती आत निघून जायची, असं आईने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शालनने मला घरामागच्या परड्यात नेलं. ओवळाच्या, म्हणजे बकुळीच्या, झाडाखाली बाबांनी स्वतःच्या हाताने खणून आमच्या मुलीला पुरलं होतं. वर एक चपटा जांभा दगड. "हयसर," ती म्हणाली. आम्ही दोघं तिथे बसलो. लग्नानंतर एवढा वेळ आम्ही दोघंच असे कधी बसलो नव्हतो. तिथेच ती म्हणाली, "आता माका हयसर ठेवून जाव नकात."

तिला घेऊनच गेलो. मुलगा मस्कतला झाला. तिथल्या इस्पितळात सोनोग्राफीचं यंत्र होतं. पडद्यावर तो हलताना मी बघत होतो. शालनने भिंतीकडे तोंड केलं होतं. "जन्मल्यार बघीन," एवढंच म्हणाली. तो जन्मला, रडला, तेव्हा तिने त्याला घट्ट धरलं आणि नर्सने मागितला तरी दिला नाही.

पुढे आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. आई-बाबा गेले. मुलगा आता कॅनडात आहे. आमच्यात बोलताना मराठी, इंग्रजी, थोडं मालवणी, सगळं मिसळून जातं. माझ्या बरोबरीचे जे आखातात गेले, त्यांतले बरेच असेच कुठे कुठे स्थिरावले. गावाकडची घरं कुलपात. भेटलो की एकमेकांना विचारतो, "गाव खंयचा?" आणि नाव सांगताना दोघांनाही जरा अवघडल्यासारखं होतं.

आम्ही मात्र वर्षातून एकदा धामापूरला जातोच. परवाच्या खेपेस ग्रामपंचायतीचा माणूस वही घेऊन आला होता. बंद घरांची यादी करत होता. दारात उभा राहून त्याने शालनला विचारलं, "वयनी, तुमच्या घरात आता कोणच ऱ्हवणत नाय मां?"

शालन तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ऱ्हवता," ती म्हणाली. "आमचा चेडू ऱ्हवता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती म्हणाली ते खरंच होतं. घर सोडून आम्ही सगळेच गेलो, ओवळाखालची आमची मुलगी तेवढी गेली नाही. त्याने वहीत काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.