उकडलेले जिवाणू

मालकाच्या मुलीचं लग्न होतं म्हणून आमच्या कारखान्यातल्या थंड खोलीत श्रीखंडाचे डबे ठेवले आणि जिवाणू बाहेर काढले. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

लोहारा गावातल्या त्या कारखान्यात मी पॅकिंगला होतो. मातीतले जिवाणू वाढवायचे, पांढऱ्या पावडरीत मिसळायचे, पाकिटं भरायची. पेरणीआधी ही पावडर तुरीच्या बियाण्याला चोळली की जिवाणू मुळांशी वस्ती करतात आणि मर रोगाच्या बुरशीला शिरू देत नाहीत. पण जिवंत असतील तर! फार तापले की मरतात, एवढं आठवीत शाळा सोडलेल्या मलाही कळतं. मे महिन्यात चार दिवस ते पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते.

सुपरवायझरला म्हटलं, "साहेब, हे मेले असतील."

"नाडी पाह्यली का त्यायची? डॉक्टर झाला मोठा! भर मुकाट्यानं."

भरली. घर तिकडे रत्नागिरीकडे, इथे आपलं कोणी नाही, काम गेलं तर जायचं कुठे, या भीतीने भरली.

आपलं कोणी नाही, हेही खोटंच. घरमालकीण होती, सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने पंधरा दिवस मऊ खिचडी करून घातली. मागच्या वर्षी तिच्या तुरीची झाडं ऐन शेंगा धरताना उभी वाळली होती.

जूनमध्ये सकाळची पाळी संपवून आलो तर ती अंगणात पोत्यावर तुरीचं बी पसरून, पावडर चिकटावी म्हणून गुळाचं पाणी शिंपडत होती. शेजारी आमची पाकिटं.

"तुह्या कारखान्याची हायेत म्हून दुकानात दुसरी पाह्यलीच नाही म्या."

पाकिटावरची तारीख मी ओळखली. तिचा हात धरला.

"काहून रे बेटा?"

सांगितलं. श्रीखंडासकट सगळं.

तिने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "तुले मालूम होतं?"

"हो."

"अन् तरी भरलं तूनं?"

मालकावरचा, साहेबावरचा जो संताप महिनाभर गिळला होता, तो सगळा माझ्यावरच उलटला.

तिने बी झाकलं, पाकिटं पिशवीत कोंबली, डोक्यावर पदर घेतला. "चाल. दाखव मले तो साहेब."

फाटकावर चौकीदाराने विचारलं, "खाला, काय काम हाय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"पाकिटं परत करायची आहेत," मी म्हणालो. "आतले जिवाणू मेलेत. मीच भरलेत. आणि बाकीची कुठल्या कुठल्या दुकानात गेली, ते साहेबांना विचारायचंय."