ट्रंकेतली तबकडी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ फौजेत होता. लढाई कुठेच चालू नव्हती. जीप दरीत कोसळली आणि तो गेला. पण कोरेगावकडच्या आमच्या गावाने त्याला शहीद करून टाकलं. हार आले, भाषणं झाली. वडील स्वतः माजी फौजी. त्यांनी दारातच आईला बजावलं, "जवानाच्या आईनं रडायचं नसतंय. लोकं बघत्यात." आईने ऐकलं. तिच्या त्या ऐकण्याची मला आजही चीड येते.

मग पलटणीतून त्याची ट्रंक आली. कपडे, दाढीचं सामान आणि एक लहानशी तबकडी. अमेरिकेतल्या कुठल्याशा रॉक बँडच्या पहिल्याच अल्बममधलं एक गाणं होतं तिच्यावर. साहेबांच्या मेसमध्ये ऐकून तो त्यापायी येडा झाला होता, म्हणून बदली झालेल्या एका साहेबाने जाताना ती त्याला देऊन टाकली. सुट्टीवर आला की बादली पालथी घालून तो ते गाणं बडवायचा. इंग्रजी सगळं चुकीचं. तबकडी वाजवायला घरात मशीन कुठलं असायला!

"मला ऐकायचंय त्ये," आई म्हणाली. वडिलांनी साफ सांगितलं, सुतक फिटलं तरी वर्षभर या घराला गाणंबजावणं वर्ज्य. तेव्हा माहेरी जाते म्हणून ती मला घेऊन उंब्रजला निघाली. तिथे लग्नाकार्याला स्पीकर भाड्याने देणारा एकजण तिच्याच आळीतला होता.

त्याने तबकडी हातात फिरवून पाहिली. "आक्का, ह्याचं भोक लय मोठं हाय. मशिनीवर बसायचं न्हाई." मग जुन्या चपलेचं रबर गोल कापून, मधे बारीक छिद्र पाडून त्याने ते भोक बुजवलं. सुई टेकली. ढोल आदळले आणि गाणारा गळा फाटेस्तोवर ओरडायला लागला.

आई दचकली नाही. "ह्याचं कोण मेलंय रं?" तिने विचारलं.

"काय म्हाईत, आक्का. बंद करू का?"

"नगं."

आणि ती रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं, तोंडाला पदरसुद्धा न लावता. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. स्पीकरवाल्याने आवाज वाढवला. दुकानाचे पत्रे थरथरायला लागले. आईचं उघडं तोंड मला दिसत होतं, रडणं ऐकू येत नव्हतं.

गाणं लहानसंच होतं. ते संपलं तेव्हा आई थांबलेली नव्हती. त्याने घाईघाईने सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.