शनिवारची कॅसेट

धाटावच्या कंपनीतला फिटर आरोन रोह्यात राहायचा. पंच्याण्णव साली त्याला कंट्री रॉकचं वेड लागलं.

"हे काय असतं?" शेजारच्या प्रविणनं विचारलं.

"अमेरिकेतल्या खेड्यातली गाणी. शेत, घोडा, मागं सुटलेलं घर. त्याला ड्रम नि इलेक्ट्रिक गिटार जोडली की झालं. आपल्या बाल्या नाचात कुणी गिटार आणावी तसं."

शनिवारी आरोनच्या ज्यू घरात शब्बाथ, कुठलंच काम न करण्याचा पवित्र दिवस. टेपचं बटणसुद्धा दाबायचं नाही, दुसऱ्याला सांगून दाबून घ्यायचंही नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ लागण्याआधी, तो कॅसेट प्रविणकडे ठेवून यायचा. 'लाव' असं कधी म्हणायचा नाही. प्रविण लावायचाच. भिंतीपलीकडे गिटार वाजायची आणि इकडे प्रार्थनेचं पुस्तक हातात धरलेल्या आरोनचा पाय ठेका धरायचा. मन त्याला खात राहायचं. देवाला फसवतोय, दुसरं काय!

एका शुक्रवारी त्यानं कॅसेट घरातच ठेवली. तो शनिवार मुका गेला. बायको एस्थर दोनदा त्या भिंतीपाशी जाऊन कान देऊन आली.

पुढच्या शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावण्याआधी तिनंच कॅसेट त्याच्या हातात दिली.

"प्रविणकडं ठेवून या," ती खाली बघत म्हणाली. "पण लाव म्हणून सांगू नका."