ज्वारीच्या दाण्याएवढी फट

आमच्या घरातले पुरुष बाथरूममध्ये अंघोळ करत नसत. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या, म्हणजे धाकटे चुलते, दोघंही विहिरीच्या मोटारीच्या पाइपाखाली उसाच्या कडेला उघड्यावर अंघोळ करायचे. थंडीतही. बाथरूम लागणार होतं ते आई, नोकरीला बाहेरगावी असलेल्या माझ्या भावाची बायको म्हणजे वहिनी, आणि सुट्टीला येणारी मी, अशा तिघींना. तरी फरशी कोणती, नक्षी कशी, दोन फरशांत फट किती, हे ओट्यावर बसून आप्पा आणि तात्या ठरवत होते. मी तेव्हा शिरूरला एका संघटनेत काम करायचे. एसटी स्टँडवर बायकांसाठी संडास हवेत म्हणून पत्रकं लिहायचे, वाटायचे. घरी आले की मला हे ओट्यावरचं दिसायचं.

मांडवगणच्या अलीकडे आमची वस्ती; तिथं नवं घर उठत होतं. जुन्याला न्हाणी होती: तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला जुनं लुगडं, खाली गुळगुळीत झालेली शहाबादी. त्याच शहाबादीवर आई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दौंडच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तिला अंघोळीला वहिनी धरायची. सासू नागडी बसलेली आणि सून भिंतीकडं बघत दंड धरून उभी. दोघी त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. आईचं जेवण कमी झालं होतं, ते पायाच्या दुखण्यानं नव्हे.

तिची मागणी एकच होती. दवाखान्याच्या मोरीत वितीएवढ्या खरबरीत फरशा होत्या, दोन फरशांमध्ये चांगली फट होती. तिथं शेवटच्या दिवशी ती एकटी अंघोळ करून आली होती.

"तिथं पायाची बोटं धरतात," ती आप्पांना म्हणाली. "तसली लावा. मला कुणी धरायला नको."

आप्पा आणि तात्या दौंडला जाऊन आले आणि टेम्पोतून चकचकीत मोठ्या फरशा उतरल्या. त्यांत चार वेगळ्या होत्या. त्या एकमेकींना जोडल्या की मधोमध गुलाबी कमळ तयार व्हायचं. कमळाभोवती बाकीच्या तिरक्या लावायच्या, शंकरपाळीसारख्या, म्हणजे डायमंडमध्ये. आणि फट अजिबात नाही.

"आईनं बारक्या सांगितल्या होत्या," मी म्हणाले.

"त्या पार्किंगला लावत्यात, गाडीखाली," तात्या म्हणाले. "आता तुझ्या आईला काय गाडीखालची फरशी लावायची व्हय?"

"आन् फटी काळ्या पडत्यात," आप्पा म्हणाले. "लोक म्हणतील, मिस्त्रीला जोडता आलं न्हाई."

मिस्त्री राजस्थानचा. त्यानं लगेच मान डोलावली. "जॉइंट दिसणारच नाय, आप्पा. बाल नहीं जाएगा. फट म्हंजे हलका काम."

मी बोलायला लागले. ज्यांना वापरायचं त्यांनाच विचारायचं नाही, हा कुठला न्याय. एक हाड मोडलं ते पुरं नाही का. चकचकीत फरशीवर साबणाचं पाणी म्हणजे काय होतं. सगळं मुद्देसूद होतं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही स्टँडवर लई टाळ्या घेत आसंल."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं नक्षी दाखवायला फरशा कोरड्याच मांडल्या. आप्पांनी आईला बघायला बोलावलं. ती वॉकर टेकत आली, दारातच थांबली.

"ह्याच्यावर मी पाय न्हाई ठेवायची."

"का? घसरत न्हाई, कोरडी हाय," आप्पा म्हणाले.

"कमळ हाय ते. लक्ष्मीचं."

"फरशी हाय ती," तात्या हसत म्हणाले. "देव न्हाई."

"लक्ष्मीपूजनाला रांगोळीतल्या कमळावर पाय पडला म्हणून पोरांना कोण हाणतं, भावजी? तुमीच ना? आन् हितं तर अंगावरचं पाणी पडायचं. मळाचं. आमा बायकांचं आनिक काय काय धुवायचं."

तात्या हसायचे थांबले. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. वास्तुशांतीला भटजी येणार होते, भावकी येणार होती, आणि भावकी बाथरूम बघितल्याशिवाय जात नाही.

"मग कमळ तेवढं काढू," आप्पा म्हणाले.

मिस्त्री वैतागला. "सेंटरच गेला तर डायमंडचा मतलब काय? सीधा लगाना पडेगा."

"सरळच लावायची तर बारकी लावा," आई म्हणाली.

आप्पांनी टेम्पो पुन्हा दौंडला धाडला. चकचकीत फरशा भिंतीवर चढल्या, कमळ देवघरामागच्या भिंतीवर गेलं. खाली खरबरीत, वितीएवढ्या, सरळ ओळीत.

फटीवरून मात्र पुन्हा वाजलं. मिस्त्री काडेपेटीतल्या काडीपेक्षा जास्त ठेवायला तयार नव्हता. आईनं खुर्ची दाराशी घेतली, वहिनीला ज्वारी आणायला सांगितली आणि मूठ त्याच्यापुढं धरली. "हा दाणा मावला पायजे." कोपऱ्याकोपऱ्यात दाणे ठेवत त्यानं ती फरशी लावली, तोंड पाडून. फटी भरताना वहिनी पहिल्यांदा बोलली: "पांढरं नको, करडं शिमिट भरा. काळं दिसणार न्हाई. घासायचं मलाच हाय."

मी आईला विचारलं, कमळावर खरंच एवढी श्रद्धा आहे का.

"त्येंची हाय ना," ती म्हणाली आणि निवडायला घेतलेली मेथी पुढं ओढली.

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. बाईचं हाड मोडतं हे कारण पुरत नाही आणि छापलेलं फूल विटाळतं हे पुरतं, तर असल्या जिंकण्यानं पुढच्या घरातल्या बाईला काही मिळत नाही. तिथं कमळाऐवजी मोर असेल. मी हे तिला सांगितलंही. ती म्हणाली, "पुढच्या घरातली बघंल तिचं."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तिनं वॉकर दाराबाहेर ठेवला, भिंतीतला नळ धरला आणि आत गेली. वहिनी सवयीनं मागं गेली, तर आईनं आतून कडी घातली. आम्ही दोघी बाहेर उभ्या. तांब्याचा आवाज यायचा, थांबायचा. थांबला की वहिनी माझ्याकडं बघायची. पुन्हा यायचा.

आप्पा विहिरीवरून ओल्या अंगानं आले. "अजून झालं न्हाई व्हय?" त्यांनी दाराकडं बघून विचारलं.

आतून आई म्हणाली, "न्हाई," आणि पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला.