नोटिशीवरचं कॅलेंडर

"नोटीस लावलेली आहे मॅडम, चांगली मराठीत. आता बाईंनी वाचलीच नाही, तर कंपनी काय करणार?"

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचा मॅनेजर पुढे चालत बोलत होता. मागे मी आणि सुशीलाबाई.

मी वर्ध्यात कामगारांच्या नुकसानभरपाईच्या केसेस चालवते. सुशीलाबाई आणि त्यांचे यजमान मधुकर दर सीझनला याच जिनिंगमध्ये कामाला असत. रुईच्या गाठींची थप्पी अंगावर कोसळून मधुकर गेले. "तो ठेकेदाराचा माणूस, कंपनीकडे काही मागता येत नाही," असं ऑफिसात सांगितलं आणि बाई गप्प बसल्या. कायदा नेमकं उलट सांगतो. माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. पण दाव्याला मुदत असते, आणि ती उलटल्यावर बाई माझ्याकडे आल्या. उशीर का झाला हे कोर्टाला पटलं नाही, तर दावा तिथेच संपणार होता. कंपनी म्हणत होती, नोटीस भिंतीवर होती, म्हणजे बाईंना हक्क माहीतच होता. म्हटलं, ती भिंत तरी बघू.

भिंतीवर लक्ष्मीचं जुनं कॅलेंडर होतं. मॅनेजरनं ते उचललं, तर खाली फ्रेममध्ये नोटीस. पहिलीच ओळ, 'कामावर असताना अपघाती मृत्यू आल्यास...' त्याखाली, ठेकेदाराच्या कामगारांनाही हा हक्क आहे.

"हे कोणी टांगलं?" मी आवाज चढवला. मनात म्हटलं, सापडले साहेब.

उत्तर मागून आलं. "मीच लावलं थे, मॅडम."

"तुम्ही? का पण?"

"काटापूजन होतं न." सीझनची पहिली गाडी तोलण्याआधी काट्याला हळदकुंकू वाहतात, तो दिवस. "असा चांगला दिवस, अन् डोयासमोर मरणाचं नाव. मले कसंतरीच झालं, पुढचं वाचलंच नाई. म्या म्हटलं, झाका थे. त्यायनंच खिळा ठोकला."

बाई मधुकरनी ठोकलेल्या त्या खिळ्याकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कोर्टात हेच सांगायचं."

"मंग दावा जाईन न, मॅडम?"

"जाऊ शकतो. पण खोटं बोलायचं नाही."

बाईंनी सगळं सांगितलं. कोर्टानं कंपनीला विचारलं, इतके दिवस नोटीस झाकलेली होती, एकालाही ती उघडी करावीशी वाटली नाही? आणि हक्क नाही असं ऑफिसनंच सांगितलं, त्याचं काय? उशीर माफ झाला. पुढे दावाही मंजूर झाला.

निकाल ऐकून बाई कोर्टाच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. "झाकलं का मरण येणार नाई, असं वाटलं होतं मले," एवढंच म्हणाल्या.

आता कोणी मालक नोटिशीचा मसुदा मागायला आला, तर मृत्यूची ओळ मी सगळ्यात खाली घालते. आणि भिंतीवर लावायच्या आधी माणसांना समोर बसवून वाचून दाखवा, असं बजावते. कामावर घेतानाच हक्क सांगायचा असतो, असं कायद्यातही आहे. मधुकरना तो कोणी सांगितला नव्हता. त्यांना फक्त खिळा ठोकायला सांगितलं होतं.