खुर्चीवर बसवलेले आजोबा

पनवेलच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर उन्हाळ्यात करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी टाकाऊ वस्तूंचे कलाशिबिर घेऊ लागले. शिबिराचा एक नियम मी आरंभापासून पाळला आहे. शेवटच्या संध्याकाळी पालकांनी कामे पाहिली की मुलांनी ती आपल्याच हातांनी सुटी करायची: पुठ्ठा पुठ्ठ्यात, चिंध्या चिंध्यांत, बुचे बुचांत. वस्तू पुढच्या वर्षी नव्या मुलांना लागतात, हे कारण मी त्यांना सांगते. मोडणेही नीट यावे लागते, हे दुसरे कारण सांगत नाही.

त्या वर्षी मोठ्या मुलांना पूर्ण मापाचा बसलेला माणूस करायला दिला होता. कृती सोपी आहे. जुन्या शर्टाच्या बाह्या मनगटाशी सुतळीने बांधायच्या, चुरगळलेले वर्तमानपत्र भरत जायचे, पँट गुडघ्यात दुमडेल इतकी जागा रिकामी सोडायची. डोके फुग्यावर कागदाचे तुकडे खळीने चिकटवून करायचे. बहुतेक मुलांची माणसे उशांसारखी फुगतात, कारण ती सगळीकडे सारखेच भरतात. एका मुलीने तसे केले नाही. डाव्या खांद्यात तिने कागद कमी भरला, पाठीला बाक दिला, हात मांडीवर उपडे ठेवले. शर्ट तिच्या आजोबांचा होता. चेहरा तेवढा रंगवायचा राहिला होता.

तो माणूस दाराजवळच्या खुर्चीवर बसवला. पंखा लावला की शर्टाचे पोट हलके वर-खाली होई. रोज सकाळी कुलूप काढताना, कोणीतरी आधीच येऊन थांबले आहे, असे मला वाटे. त्या खुर्चीपुढून जाताना मी वळसा घालते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

मुलीला न्यायला दुपारी तिची आई आली. नोकरीवरून घाईत आलेली बाई. पण उंबऱ्यात पाऊल ठेवताच तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि खुर्चीसमोरून न येता भिंतीच्या कडेने आत आली. सासरे बसलेले असताना सून जशी वावरते, अगदी तशी. मग तिला कळले. ओढणी खाली आली.

तिने मला बाहेर नेले. विमानतळासाठी गाव उठल्यापासून सासरे अधूनमधून ‘गाव बघून येतो’ म्हणत निघत, कुंपणाशी उभे राहत आणि परत येत. एकदा गेले ते परतलेच नाहीत. तक्रार झाली, शोध झाला. सासूबाई अजून कुंकू लावतात आणि जेवणाच्या वेळी एक ताट वाढून झाकून ठेवतात.

“आमच्यात मानूस हरवला न् सापडला नाय, तर त्याचा गवताचा पुतला करून जालतात,” ती म्हणाली. “भाऊबंद सांगून थकले, सासू करू देत नाय. नि आता पोरीनंच करून बसवला. बाई, शेवटच्या दिवशी सासू येनार हाय.”

पुतळा पडद्यामागे ठेवू, असे मी सुचवले. मुलगी ऐकेना. आजी रोज जिन्यात वाट बघत बसते, तिला बरे वाटावे म्हणूनच तो केला, असे तिचे म्हणणे होते. पुतळा खुर्चीवरच राहिला.

शेवटच्या संध्याकाळी आजी आल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. इतर पालक बाटल्यांची विमाने आणि बुचांचे मासे पाहत होते. त्या सरळ खुर्चीशी गेल्या. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. हात डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच थांबला. सून भिंतीला टेकून उभी होती.

मग त्यांनी नातीला विचारले, “तोंड का नाय काढलास?”

“जमत नाय. काढलं की दुसरंच कोनी दिसतंय.”

आजींनी रोखलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

“मंग ह्यो त्यो नाय,” त्या सुनेकडे वळून हळूच म्हणाल्या. “नुसता शर्ट हाय.”

कामे सुटी करण्याची वेळ झाली होती. आजी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सुतळीच्या गाठी स्वतः सोडल्या. नातीने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. पहिल्यांदा त्यांनी खांद्यातला कागद काढला, मग पाठीतला. शर्टाची घडी घालून पिशवीत ठेवताना म्हणाल्या, “आल्यावर लागंल त्याला.”  खाली पडलेले कागदाचे बोळे सून एकेक करून खोक्यात टाकत राहिली.

डोके खुर्चीवरच राहिले. खळीचा कागद सहज सुटा होत नाही; तो रात्रभर पाण्यात भिजवावा लागतो. बाकीची सगळी डोकी मी भिजवली. ते एक कपाटावर आहे. दर उन्हाळ्यात एखादे मूल ब्रश घेऊन विचारते, “बाई, याला डोळे काढू?”

मी त्याला दुसरा फुगा फुगवून देते.